एकोणसत्तरचं ओझं

दुसरीच्या वर्गात बाई 'एकोणसत्तर' म्हणतात. सात वर्षांच्या मुलाच्या वहीत ६९ उमटेपर्यंत मधल्या चार-पाच सेकंदांत काय काय घडावं लागतं, ते एकदा सावकाश पाहू. शब्द विरून जायच्या आत तो मनात धरायचा. त्यात 'सत्तर' ऐकू येतं, पण ७ लिहायचा नाही. 'एकोण' म्हणजे एक उणा, म्हणून सत्तरावरून एक पाऊल मागे, साठाच्या घरात यायचं. शब्दात सहा कुठेच नाही आणि नऊही नाही. दोन्ही स्वतःच काढायचे. मग सहा आधी लिहायचा, नऊ नंतर. त्यातही कोणाचं पोट खाली आणि कोणाचं डोकं वर, हे अजून पक्कं झालेलं नसतं. एवढ्यात बाई पुढच्या संख्येवर गेलेल्या असतात.

जून २०१९मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक आलं आणि त्यातल्या २१, २२च्या 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनावरून महाराष्ट्रात गदारोळ उडाला. वर्तमानपत्रं, वाहिन्या, थेट विधानसभा. थट्टेला तर ऊत आला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मांडलेली बाजू थोडक्यात अशी होती: जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची नावं मुलांना अडखळवतात, इंग्रजीत आणि दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी येतो, शिवाय जुनी नावं कोणी काढून टाकलेली नाहीत. समोरून उत्तर आलं, भाषेचा ठेवा मोडीत काढताय. आणि हुकमी एक्का: 'आम्ही नाही का शिकलो?'

नारळीकरांच्या समितीने दुखणं बरोबर ओळखलं होतं. औषध मात्र नीट निवडलं गेलं नाही. आणि विरोधकांनी औषध फेकताना दुखणंही नाकारलं, ही जास्त मोठी चूक. मुलाच्या डोक्यावर एका वेळी किती भार पडतो आणि तो वाढत गेला की मेंदू काय करतो, हा प्रश्न त्या सगळ्या गोंगाटात कोणी विचारलाच नाही.

मानसशास्त्रात ज्याला वर्किंग मेमरी म्हणतात, ती कार्यरत स्मृती मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. बेरजेत आपण 'हातचा एक' म्हणतो. तो हातचा जिथे ठेवतो, ती जागा म्हणजे कार्यरत स्मृती. माहिती काही सेकंद धरून ठेवायची आणि धरलेली असतानाच तिच्यावर काम करायचं, असं तिचं दुहेरी काम. नुसतं धरणं सोपं असतं, धरून उलटापालट करणं महाग पडतं. ४, ९, २, ७ हे अंक ऐकून तसेच म्हणून दाखवायला सांगा, मग उलट्या क्रमाने म्हणायला सांगा. फरक लगेच कळेल. सात वर्षांचं मूल सरळ क्रमाने साधारण पाच अंक म्हणतं, उलट क्रमाने तीनच्या आसपास अडकतं. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मोठ्यांची मर्यादा 'सात, दोन कमी किंवा दोन जास्त' अशी सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये नव्याने हिशेब मांडला, तेव्हा गट करण्याच्या आणि मनात घोकण्याच्या युक्त्या वजा जाता ती चारपाशी आली.

भार वाढवत नेला की मेंदू काय करतो, हे मोजायची एक ठरलेली रीत आहे. पडद्यावर एकामागून एक अक्षरं दाखवतात. आत्ताचं अक्षर एक घर मागच्यासारखं आहे का, ते सांगायचं. मग दोन घरं मागच्यासारखं, मग तीन. पडद्यावरचं दृश्य तेच राहतं, फक्त आतला भार चढतो. मेंदूतला रक्तप्रवाह टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात असं करताना कपाळामागचा बाजूचा भाग आणि डोक्याच्या माथ्याजवळचा पार्श्विक भाग पायरीपायरीने अधिक कामाला लागतात. त्याच वेळी दिवास्वप्नांच्या वेळी जागं असणारं जाळं, डिफॉल्ट मोड नेटवर्क, तितकंच दाबलं जातं. डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा साक्ष देतात. कानेमन आणि बीटी यांनी १९६६मध्ये दाखवलं की अंक ऐकताना प्रत्येक अंकागणिक बाहुली थोडी मोठी होते आणि अंक परत म्हणून टाकताना हळूहळू आकसते.

पण चढण कायम राहत नाही. २००४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एकात मेंदूतला रक्तप्रवाह मोजला होता, दुसऱ्यात डोक्यावर इलेक्ट्रोड लावून विद्युतलहरी. दोघांनाही तेच दिसलं: लक्षात ठेवायच्या रंगीत ठिपक्यांची संख्या वाढेल तसा पार्श्विक भागाचा प्रतिसाद वाढतो, तीन-चार ठिपक्यांपाशी सपाट होतो, आणि पुढे ठिपके कितीही वाढवले तरी हलत नाही. कपाळामागच्या भागाबाबत काही प्रयोगांत याहून वाईट चित्र दिसलं आहे. भार कुवतीबाहेर गेला की तिथला प्रतिसाद सपाट न राहता खाली येतो, वर चढून उतरणाऱ्या कमानीसारखा. सगळ्या प्रयोगांत आणि सगळ्या माणसांत ती कमान सारखी दिसत नाही, हेही सांगायला हवं. पण वर्गातल्या बाईंना तिचा अर्थ चांगला ठाऊक असतो. विचार करणारं मूल आणि विचार सोडून दिलेलं मूल, दोघंही गप्पच बसलेली असतात. बाहेरून फरक दिसत नाही.

आता 'आम्ही नाही का शिकलो' याकडे वळू. चाळिशीतल्या माणसाला 'एकोणसत्तर' अवघड वाटत नाही, कारण तो ते सोडवतच नाही. त्याच्यासाठी तो एक अखंड शब्द आहे, 'दगड' किंवा 'पाणी'सारखा. ऐकला की ६९ हे चित्र समोर येतं. मेंदूच्या चित्रणांतही हा बदल दिसतो. ८ ते १९ वर्षांच्या मुलांना साध्या बेरजा-वजाबाक्या देऊन केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात वय वाढेल तसं कपाळामागच्या भागाचं काम कमी आणि डाव्या पार्श्विक भागाचं काम जास्त होताना आढळलं. आधी जे कष्टाने करावं लागायचं, ते पुढे आपोआप होऊ लागतं. म्हणून या प्रश्नात मोठ्यांची साक्ष धरता येत नाही. पायरी चढून गेलेल्याला पायरीची उंची आठवत नाही.

मुलांच्या चुकांवरून मात्र ती उंची मोजता येते. जर्मनमध्येही मराठीसारखंच एकक आधी, दशक नंतर म्हणतात. ऑस्ट्रियातल्या जर्मनभाषक पहिलीच्या मुलांना संख्या ऐकून लिहायला लावल्या, तर त्यांच्या जवळपास निम्म्या चुका अंकांच्या अदलाबदलीच्या निघाल्या, आणि या चुकांचा संबंध कार्यरत स्मृतीच्या कुवतीशी लागला. चेक भाषेत तर पंचवीसला 'पाच आणि वीस' आणि 'वीस पाच' अशी दोन्ही नावं चालतात. तिथल्या मुलांकडून दोन्ही प्रकारे लिहून घेतलं, तेव्हा अदलाबदल मुख्यतः उलट्या नावाच्या वेळी झाली. मुलं तीच, संख्या त्याच, बदललं होतं फक्त नाव.

मराठीचं दुखणं जर्मनपेक्षा गुंतागुंतीचं आहे, कारण आपल्याकडे क्रमाचा उलटेपणा हा तीनपैकी एकच अडथळा. दुसरा अडथळा 'एकोण'चा: १९पासून ८९पर्यंतच्या आठ संख्या एक उणा करून सांगितल्या जातात, आणि ही सवय लागते न लागते तोच ९९ 'नव्याण्णव' होऊन नियम मोडतो. तिसरा रूपांचा. एकट्या सहाला पाहा: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. प्रत्येक घरात वेगळा वेश. पन्नास तर स्वतःच्याच घरात कधी 'वन्न' असतो, कधी 'पन्न'. ज्या मुलाला 'छप्पन्न'मधला सहा ओळखू येत नाही, त्याला ते नाव फोडून सोडवता येत नाही, पाठच करावं लागतं. यात कमीपणा नाही. पण मग ते आधी पाठ व्हायला हवं आणि लिहायला नंतर सांगायला हवं. आपण दोन्ही एकदम मागतो.

या तीन अडथळ्यांच्या चुका वहीत वेगवेगळ्या दिसतात, आणि शिक्षकाने त्या वेगळ्याच मोजायला हव्यात. 'बहात्तर' ऐकून २७ लिहिलं, तर क्रम हुकला. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिलं, तर मुलाने नऊ बरोबर काढला, पण एक घर मागे यायचं राहिलं; म्हणजे दोन कामांपैकी एकच झालं. भार कुवतीच्या काठावर होता, याची ही अगदी ठळक खूण. 'त्रेपन्न' ऐकून ६३ लिहिलं, तर 'त्रे' कळलं आणि 'पन्न'ची 'सष्ट'शी गल्लत झाली. हा भाराचा नव्हे, शब्दसंपत्तीचा प्रश्न. तिन्हींवर एकच लाल फुली मारली की तिन्हींवर उपायही एकच ठरतो: पुन्हा दहा वेळा लिही.

आता दुसरी बाजू, कारण 'वीस एक'लाही स्वतःच्या खोडी आहेत. मराठीत 'वीस-एक माणसं' म्हणजे अंदाजे वीस माणसं. 'पन्नासेक', 'शंभरेक' हे घराघरांत रोज बोललं जातं. जे रूप भाषेने 'साधारण'साठी राखून ठेवलंय, तेच नेमक्या संख्येला देणं म्हणजे एक गोंधळ काढून दुसरा आणणं. दुसरी खोड लिखाणातली: 'वीस एक' ऐकून सरळमार्गी मूल २० लिहितं आणि पुढे १ जोडतं, २०१. 'एकशे पाच'चं १००५ करणाऱ्या मुलाची चूक याच जातीची, आणि ती उलट्या नावांनी होत नाही, सरळ नावांनी होते. तिसरी गोष्ट, उच्चाराची बचतही तशी फार नाही. 'सत्तर दोन' आणि 'बहात्तर' तोंडात जवळपास सारखाच वेळ घेतात. मनात घोकून धरायच्या शब्दांची मर्यादा साधारण दोन सेकंदांत म्हणता येईल तेवढी असते, हे ॲलन बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५मध्ये दाखवलं होतं. त्या हिशेबाने खरा फायदा फक्त 'एकोण'वाल्या नावांत पडतो.

आणि पाढ्यांचं काय? 'बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ' ही रूपं कोणीतरी शतकानुशतकं घासून गुळगुळीत केली आहेत. दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक: बोलीतल्या आकड्यांपेक्षा निराळे, आखूड, तालावर बसणारे. दोन सेकंदांच्या त्या घोकणीच्या फेऱ्यात एक ओळ सहज मावते, आणि 'सात त्रिक एकवीस' ध्वनी म्हणूनच पाठ होतं. तिथे दशक-एकक फोडायची गरजच नसते. 'सात त्रिक वीस एक' म्हटलं की ताल तुटतो. म्हणजे जुनी नावं तोंडी गणितात भार कमी करतात आणि लेखी गणितात वाढवतात. एकच नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागतं. 'जुनं की नवं' असा प्रश्न घातला की हे दिसतच नाही.

नॉर्वेने हा प्रश्न कायद्याच्या वाटेने सोडवू पाहिला. तिथे 'एक आणि वीस' असं म्हणत. टेलिफोन क्रमांक सांगताना चुका होतात म्हणून १९५१ साली सरकारी पातळीवर 'वीस एक' हा क्रम स्वीकारला गेला. शाळा आणि नभोवाणी दोन्हींनी तोच क्रम धरला. सत्तर वर्षं उलटून गेली तरी बोलण्यात जुना क्रम ऐकू येतोच. आपल्याकडे टेलिफोनचा प्रश्न आपण वेगळ्याच तऱ्हेने सोडवलाय: मोबाइल नंबर सांगताना पक्का मराठी माणूसही 'नाइन एट डबल टू' वर येतो. हीदेखील भाराला दिलेली कबुलीच.

जाता जाता एक टोमणा मारायला हरकत नाही. 'वीस एक' ऐकून ज्यांना संस्कृती बुडाल्यासारखं वाटलं, त्यांच्यापैकी कितीतरी घरांतली मुलं इंग्रजी किंवा सेमी इंग्रजी वर्गांत 'ट्वेंटी-वन' म्हणत होती. ते 'वीस एक'च आहे. फक्त इंग्रजीत आलं म्हणून ते प्रगत ठरलं.

मग करायचं काय? मराठीत एक तिसरी वाट आधीपासून पडून आहे, आणि तिच्यासाठी नवं काही घडवायला नको: 'दोन दशक एक'. दशक आणि एकक हे शब्द आपल्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 'दोन दशक एक'मुळे 'वीसेक'चा घोळ होत नाही. 'वीस' हा शब्द नसल्याने २०१ लिहायचा मोहही उरत नाही. आणि चिनीमध्ये २१ला जे 'दोन-दहा-एक' म्हणतात, त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं. पण हे संख्येचं नाव नव्हे, ही पायरी. बाजारात कोणी 'सहा दशक नऊ रुपये' म्हणणार नाही आणि म्हणूही नये. भिंत उभी राहीपर्यंत परांची लागते, एवढंच तिचं काम.

वर्गात याचा क्रम असा लावता येईल. पहिलीत शंभरपर्यंतची नावं फक्त तोंडी, तालावर, रोज पाच मिनिटं. या काळात ऐकून लिहायला सांगायचं नाही. त्याच्या जोडीला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या, आणि त्यांना 'दोन दशक एक' म्हणणं. ही दोन कामं महिनाभर वेगवेगळी ठेवायची. ती एकत्र आणायची घाई केली की दोन्ही बिघडतात, कारण एक काम आपोआप होऊ लागल्याशिवाय दुसऱ्याला जागा मिळत नाही. मग तीन टप्प्यांचं रूपांतर: बाई 'सत्तावीस' म्हणतात, मूल 'दोन दशक सात' म्हणतं, मग लिहितं. मधला टप्पा मोठ्याने म्हणवून घ्यायचा, कारण तोंडातून बाहेर पडलेलं डोक्यात धरून ठेवावं लागत नाही. दुसरीच्या मध्यावर तो मनातल्या मनात, वर्षअखेर गायब.

ऐकून लिहिण्याच्या वेळी काही बारीक गोष्टी मोठा फरक पाडतात. वहीवर 'द' आणि 'ए' अशी दोन घरं आधीच आखलेली असावीत. संख्या एकदाच, स्पष्ट म्हणायची आणि मग पाच सेकंद पूर्ण शांत राहायचं. मदत म्हणून मध्येच 'अगं, सत्तावीस, सत्ता-वीस' असं पुन्हा म्हणणं नेमकं घातक, कारण नवा आवाज आधीच्या आवाजाला पुसून टाकतो. एका बैठकीला दहाच संख्या पुरेत, त्यांत 'एकोण'वाल्या दोनपेक्षा जास्त नकोत. काही मुलं ऐकल्या क्रमाने आधी एकक लिहितात आणि मग डावीकडे दशक. आखलेली घरं आहेत तोवर हे चालू द्यावं. पण तिसरीत 'तीनशे सत्तावीस' आलं की हात ३ लिहून, जागा सोडून, ७ लिहून मागे येऊ लागतो आणि गणकयंत्रावर तर हे जमतच नाही. म्हणून दुसरीच्या अखेरीस ही सवय मोडावी लागते. जर्मन शाळांतही हीच डोकेदुखी आहे.

सगळी मुलं एका चालीने जाणार नाहीत. ब्रिटनमधल्या सुसान गॅदरकोल आणि ट्रेसी ॲलोवे यांनी शिक्षकांसाठी एक हिशेब मांडला होता: सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गात निदान तिघांची कार्यरत स्मृती सरासरी चार वर्षांच्या मुलाएवढी असते आणि निदान तिघांची सरासरी अकरा वर्षांच्या मुलाएवढी. साठ मुलांच्या वर्गात हे अंतर किती जणांना पेलावं लागत असेल, ते प्रत्येकाने मनात गुणावं. म्हणून मधली पायरी कधी काढायची हे मुलागणिक ठरावं, पुस्तकातल्या पानावर नव्हे. कुवत वाढवण्याच्या नावाखाली चालणारे 'मेमरी'चे खेळ आणि वर्ग यांच्यावर फार भरवसा नको. त्यांत मूल त्या खेळात हुशार होतं, गणितात होतंच असं नाही. कुवत वाढवायच्या मागे लागण्यापेक्षा कामातला फालतू भार उतरवणं आपल्या हातात आहे.

तो उतरवताना बाईंचा आवाजही मोजावा लागेल. २०१२ साली सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका एफएमआरआय अभ्यासात गणिताची धास्ती असलेल्या मुलांमध्ये भीतीशी जोडलेला मेंदूतला अमिग्डाला हा भाग जास्त जागा दिसला, आणि गणितासाठी लागणाऱ्या पार्श्विक व कपाळामागच्या भागांचं काम कमी. धास्ती कार्यरत स्मृतीची जागा अडवते. फळ्यापाशी उभं करून 'चटकन सांग, एकोणऐंशी म्हणजे किती?' असं विचारताना आपण तोच भाग व्यापून टाकतो, ज्याच्याकडून उत्तर हवंय.

आणि पुस्तक ठरवणाऱ्यांसाठी एक काम उरतं, जे २०१९मध्ये वादाआधी व्हायला हवं होतं आणि आजही फारसं महाग नाही. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या काही शाळा घ्याव्यात. काही वर्गांत नेहमीची पद्धत, काहींत 'वीस एक', काहींत 'दोन दशक एक' अशी वर्षभर चालवावी. जून, नोव्हेंबर आणि एप्रिलमध्ये तेच तीस संख्यांचं श्रुतलेखन घ्यावं. क्रम, एकोण आणि रूप या तीन रकान्यांत चुका वेगळ्या मोजाव्यात, आणि कोरी सोडलेली घरं चौथ्या रकान्यात. या चौथ्या रकान्याकडे जास्त लक्ष द्यावं. चुकीचा अंक लिहिणारं मूल अजून झगडत असतं. कोरं घर सोडणाऱ्याची कमान केव्हाच उतरलेली असते.